परक्यांची नामावळी

वडिलांच्या अस्थी रामकुंडात विसर्जन करून आम्ही दोघे भाऊ ओल्या पंचांनी वर आलो, तेव्हा आमच्या तीर्थोपाध्यायांनी ओटीवर बसवून घेतले आणि विचारले, "आडनाव कळलं. मूळ गाव कोणतं आपलं?" गाव सांगितले. ते आत गेले आणि लाल कापडात बांधलेले एक लांबट बाड घेऊन आले. पाने उलटता उलटता त्यांचे बोट एका जागी थांबले. "हे आपले आजोबा. ही त्यांचीच अक्षरं."

मोडी मला जेमतेम वाचता येते. पण सहीचे वळण घरातल्या जुन्या कागदांवर पाहिलेले होते, त्यामुळे ओळख पटली. आजोबा त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन आले होते, त्या वर्षीचा तो लेख. खाली त्यांनी आपल्या मुलांची नावे लिहिली होती. वडिलांचे नाव होते, दोन्ही काकांची होती. आणि त्यांच्या मध्येच चौथे एक नाव होते, ज्याचा उच्चार आमच्या घरात मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. पुढे आत्याला विचारले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "होता रे एक. पटकीत गेला. आईनं त्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही, तिला सोसायचं नाही." त्या मुलाची तसबीर नाही, पत्रिका नाही, त्याला पाहिलेले आता कोणीही हयात नाही. तो जन्मला होता याची जगात एकच खूण उरली होती. आणि ती ज्यांनी पुरापासून व वाळवीपासून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, ते आमचे कोणी नातलग नव्हते.

परक्यांच्या पूर्वजांची नावे जपणारी ही माणसे कोण, आणि हे काम ती कशासाठी करतात, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात राहिला. आपल्या क्षेत्रोपाध्यायांचे उत्तर सोपे आहे. तो त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय आहे, त्यात दक्षिणा आहे. परंतु जगाच्या पाठीवर असा एक पंथ आहे, की ज्याचे लक्षावधी अनुयायी एक पैचीही अपेक्षा न ठेवता, घरच्या मेजाशी बसून, कधीही न पाहिलेल्या मृतांची नावे जुन्या कागदांवरून उतरवून घेतात. आणि हे आपल्या धर्माचे एक अंग आहे असे मानतात. त्या सेवेचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला गेलेला नाही. तो आपल्या पितृपक्षाच्या इतका जवळचा आणि तरीही इतका निराळा आहे, की तो मराठी वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

हा पंथ म्हणजे अमेरिकेतील, ज्यांना जग मॉर्मन म्हणून ओळखते, त्यांचा. जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात आपले चर्च स्थापन केले. त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे, त्यात येशू ख्रिस्ताचा आणि 'अखेरच्या दिवसांतील संतां'चा उल्लेख येतो. मॉर्मन हे टोपणनाव वापरू नये, असे आवाहन त्या चर्चच्या अध्यक्षांनी २०१८ साली केले. तथापि वाचकांच्या ओळखीचे म्हणून ते येथे एकदा सांगितले आणि यापुढे त्यांना 'संतमंडळी' असे म्हणू.

या मंडळींच्या नामसेवेचे मूळ एका घरगुती दुःखात आहे. जोसेफ स्मिथचा थोरला भाऊ ॲल्विन १८२३ साली ऐन तारुण्यात वारला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. बाप्तिस्म्यावाचून मुक्ती नाही, असे मानणाऱ्या समाजात हा केवढा घोर असेल, याची कल्पना आपल्याला करता येईल. ज्याचे पुढचे कार्य झाले नाही, त्याच्या घरच्या माणसांचा जीव कसा टांगलेला असतो हे आपण पाहिलेले आहे. पुढे १५ ऑगस्ट १८४० रोजी, इलिनॉय राज्यातील नॉव्हू या गावी, एका अनुयायाच्या अंत्यविधीच्या प्रवचनात स्मिथने एक नवा विचार मांडला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, संत पौलाने मृतांच्या वतीने घेतल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्याचा ओझरता उल्लेख केला आहे. त्याचा आधार घेऊन स्मिथने सांगितले, की जिवंत माणसाने मृताच्या नावाने पाण्यात उतरावे. त्याच वर्षी अनुयायी मिसिसिपी नदीत उतरले आणि आपापल्या मेलेल्या आईबापांच्या, भावंडांच्या नावाने बुडी मारून वर आले. पुढे हा संस्कार मंदिरातील कुंडात होऊ लागला. ही कुंडे बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर तोललेली असतात. शलमोनाच्या मंदिरातील कुंडाचे ते अनुकरण होय.

इतिहासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट दोन वर्षांनी घडली. १८४२ च्या सप्टेंबरात स्मिथने अनुयायांना दोन पत्रे लिहून बजावले, की असा संस्कार होताना लेखनिक हजर असलाच पाहिजे, आणि त्याने प्रत्येक नाव डोळ्यांनी पाहून, कानांनी ऐकून नोंदले पाहिजे. धर्मविधीत पुरोहिताइकाच कारकून आवश्यक ठरला. १८४४ च्या जूनमध्ये जमावाने स्मिथचा तुरुंगात खून केला, आणि १८४७ साली त्याच्या अनुयायांचे पहिले जथे वाळवंट ओलांडून आजच्या सॉल्ट लेक सिटीच्या जागी पोहोचले. पण वहीची ही सवय त्यांच्याबरोबर गेली.

आपल्या श्राद्धात वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांचा गोत्रासह उच्चार होतो. त्यापलीकडचे, ज्यांचे कोणी उरले नाही असे, सर्वपित्रीच्या दिवशी एकत्र तृप्त केले जातात. नाव ठाऊक नसले तरी आपले अडत नाही. तीळ आणि पाणी अज्ञातालाही पोहोचते, अशी आपली श्रद्धा. संतमंडळींचे मात्र नावावाचून अडते. संस्कार एकेका माणसाचा, आणि माणूस निश्चित ओळखू आला पाहिजे; म्हणजे नाव, गाव, जन्माचे वर्ष, आईबाप. १८९४ साली त्यांचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी आज्ञा केली, की प्रत्येकाने आपली वंशरेषा जितकी मागे नेता येईल तितकी न्यावी. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला त्यांनी 'युटाची वंशावळी संस्था' स्थापली. बहुतेक अनुयायी इंग्लंड, वेल्स, डेन्मार्क, स्वीडन येथून आलेले गरीब लोक. त्यांचे पूर्वज दूरच्या खेड्यांतल्या चर्चच्या दप्तरांत पडलेले. भक्तीपोटी माणसे इतिहाससंशोधक झाली ती अशी.

दप्तरे आपल्याकडे येत नाहीत, तर त्यांची छबी आणावी, या विचाराने संस्थेने १९३८ पासून मायक्रोफिल्म घेण्यास आरंभ केला. महायुद्ध संपल्यावर तिचे छायाचित्रकार युरोपच्या गावागावांतून हिंडले, आणि पुढे जगभर गेले. सॉल्ट लेक सिटीजवळच्या लिटल कॉटनवुड खिंडीत, ग्रॅनाइटच्या डोंगराच्या पोटात, १९६० च्या दशकात भुयारे कोरून या फितींसाठी कोठार बांधले गेले. तेथे जमा झालेल्या फितींच्या रिळांची संख्या चोवीस लाखांवर गेली. आणि त्या सगळ्यांच्या संगणकी प्रती करण्याचे काम २०२१ साली पुरे झाले.

पण छबी घेतल्याने नाव सापडत नाही. हजार पानांच्या बाडात आपले आजोबा कोणत्या पानावर आहेत हे सांगणारा उपाध्याय हवा, तेव्हा बाडाचा उपयोग. हे उपाध्येपण कोणी करायचे? पगारी माणसे लावली असती तर कोणत्याही संस्थेची तिजोरी रिकामी झाली असती. तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस चर्चने हे काम आपल्या गावोगावच्या मंडळ्यांवर सोपवले. निवृत्त शिक्षक, विधवा, म्हातारे शेतकरी आठवड्यातून ठरलेल्या वेळी जमत, फीत यंत्रात घालत, आणि भिंगातून दिसणारी नावे उतरवून घेत. अमेरिकेच्या १८८० सालच्या खानेसुमारीत पाच कोटींवर माणसे नोंदलेली आहेत. त्या सर्वांची सूची या सेवेकऱ्यांनी केली. त्यांना सतरा वर्षे लागली. २००१ साली ती सूची छप्पन तबकड्यांवर प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यासाठी राबलेल्यांपैकी किती तरी जण स्वतः कुणाच्या तरी नामावळीत जाऊन बसले असतील.

मग घराघरांत इंटरनेट आले. १९९९ साली संस्थेने आपले दालन त्यावर उघडले, आणि २००६ च्या सुमारास उतरवून घेण्याचे कामही त्यातूनच चालू झाले. आता मंडळीच्या सभागृहात जावयास नको. घरी बसलेल्या माणसाच्या पडद्यावर जुन्या पानाची एक छबी येई, तिच्याखाली कोरे रकाने येत: नाव, वय, जन्मस्थान, कुटुंबप्रमुखाशी नाते. पाहावे आणि भरावे. पंचवीस-तीस-पन्नास नावांची एक तुकडी पुरी झाली, की परत पाठवावी. रात्री मुले निजल्यावर अर्धा तास मिळाला, तर अर्ध्या तासाची सेवा.

या पद्धतीचे मर्म तिच्या शिस्तीत होते. तेच पान दोन निरनिराळ्या सेवेकऱ्यांकडे जाई. त्यांना एकमेकांची ओळखदेख नसे. दोघांचे वाचन जुळले तर ठीक. न जुळले तर तिसरा अनुभवी माणूस मूळ पान पाहून निर्णय देई. आपल्याकडे वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीतींनी एकच ऋचा उलटसुलट घोकून चुकीला वाव ठेवला नाही. त्याच जातीची ही युक्ती. दुसरा नियम असा, की जे दिसेल तेच लिहायचे. गणकाने नाव चुकीचे लिहिले आहे असे वाटले, तरी ते आपल्या मनाने सुधारायचे नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी आपले लेखनिक हेच सांगून ठेवत, की जसे पाहिले तसे लिहिले आहे, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊ नये. नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तिच्यात स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला त्यांनी अमृताच्या ताटात करवंटी ठेवणारा म्हटले. लेखनसेवेत 'मी' आला की सेवा बिघडते, हे ज्ञान सॉल्ट लेक आणि पैठण या दोन्ही ठिकाणी एकच आहे.

२ एप्रिल २०१२ रोजी अमेरिकेची १९४० सालची खानेसुमारी खुली झाली. तेथे अशी दप्तरे बहात्तर वर्षे बंद ठेवतात. त्या दिवशी मुदत संपली. १३ कोटी २० लाख माणसांची नावे, गणकांच्या हजार तऱ्हांच्या हस्ताक्षरांत. संतमंडळींनी इतर वंशावळी संस्थांच्या साहाय्याने सेवेकऱ्यांना हाक दिली. १ लाख ६० हजारांहून अधिक माणसे पुढे आली, आणि पाच महिन्यांच्या आत सूची पुरी झाली. पाच कोटींना सतरा वर्षे लागली होती; तेरा कोटींना पाच महिनेही लागले नाहीत. हिशेब केला तर माणशी आठशेच्या आसपास नावे येतात, आणि प्रत्येक नाव दोनदा उतरवायचे म्हणून त्याच्या दुप्पट. वारीच्या वाटेवर एकेकाने एकेक दगड उचलून टाकला तर रस्ता मोकळा होतो, तसा हा प्रकार. या लाख-दीड लाखांत सगळेच त्या पंथाचे नव्हते. पुष्कळ जण आपल्या आजीचे नाव शोधता शोधता आले आणि दुसऱ्यांच्या आज्यांसाठी थांबले.

मीही एका रात्री एक तुकडी उतरवून पाहिली. शंभर वर्षांपूर्वी बोटीने अमेरिकेस आलेल्या उतारूंची यादी होती. पहिली दहा-बारा नावे सहज गेली. मग एका लहान मुलीच्या नावावर शाईचा डाग निघाला. पहिले अक्षर दिसत होते, शेवटचे दिसत होते, मधले गेलेले. मी अर्धा तास त्या डागाकडे पाहत होतो. आईचे नाव पाहून मुलीचे काय असावे याचा तर्क करता येत होता, आणि बोटे तो तर्क लिहावयास अगदी उत्सुक झाली होती. शेवटी नियमाप्रमाणे 'वाचता येत नाही' अशी खूण केली. त्या मुलीचे नाव मला लागले नाही याची रुखरुख आजही आहे. पण दुसऱ्याच कोणा मुलीला तिच्या जागी बसवले नाही, एवढे समाधान आहे. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले, त्यांच्या मनाला काय वळण लागत असेल, ते त्या रात्री थोडे कळले.

या सेवेची खरी थोरवी जेथे दिसते, तो प्रसंग याहूनही निराळा आहे. अमेरिकेत गुलामगिरी होती, तोवर गुलामांची नावे खानेसुमारीत लिहीतच नसत. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव असते, आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग व वर्ण; गुरांच्या दाखल्यासारखे. खानेसुमारीत त्यांना सरसकट नाव मिळाले ते १८७० साली. त्यामुळे आजच्या कृष्णवर्णीय अमेरिकनाने मागे जाऊ म्हटले, तर १८७० पाशी त्याच्यापुढे भिंत उभी राहते. या भिंतीला दोन खिंडारे आहेत. यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ साली, मुक्त झालेल्यांसाठी एक सरकारी कचेरी आणि एक बचत बँक निघाली. बँक १८७४ साली बुडाली आणि गरिबांची पै-पै तिच्याबरोबर गेली. पण खाते उघडताना तिने प्रत्येकाला त्याच्या आईबापांची, भावंडांची आणि पुष्कळदा जुन्या मालकाचीही नावे विचारून ठेवली होती. विकल्या गेलेल्या, दुरावलेल्या कुटुंबांची ती एकमेव नामावळी.

ही बँकेची दप्तरे उतरवून घेतली कोणी? युटा राज्याच्या तुरुंगातील कैद्यांनी. सुमारे साडेपाचशे कैद्यांनी, आपल्या मोकळ्या वेळात, स्वेच्छेने, अकरा वर्षे हे काम केले; आणि ४ लाख ८० हजार नावांची सूची २००१ साली प्रसिद्ध झाली. स्वतः अडकलेल्या माणसांनी दुसऱ्यांची नावे मोकळी केली. त्यानंतर मुक्तांच्या सरकारी कचेरीच्या दप्तरांचे काम १९ जून २०१५ रोजी जाहीर झाले, आणि पंचवीस हजारांवर सेवेकऱ्यांनी एका वर्षात जवळजवळ अठरा लाख नावे उतरवून दिली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. याच चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता, आणि त्यांच्या स्त्रीपुरुषांना मंदिरातले प्रमुख संस्कार बंद होते. ही बंदी उठली १९७८ च्या जूनमध्ये. ज्यांना जिवंतपणी दाराबाहेर ठेवले, त्यांच्या पणज्यांची नावे पुढच्या पिढीने घरी बसून उतरवली. याला कोणी प्रायश्चित्त म्हणेल, कोणी दुटप्पीपणा. मला वाटते, ज्या स्त्रीला आपल्या खापरपणजीचे नाव त्या सूचीत सापडले, तिला या वादाची जरुरी पडली नसेल. परंतु तिने तो वाद घातला, तर तिचा तो हक्क आहे.

हक्काचाच प्रश्न निघाला आहे, तर या सेवेवर आलेला सर्वांत मोठा आक्षेपही सांगितला पाहिजे. नाव उतरवले, सूची झाली; पुढे त्या नावाचे काय? संतमंडळींचा नियम असा, की आपापल्या पूर्वजांसाठीच संस्कार करावा. शिवाय त्यांचे धर्मशास्त्र सांगते, की परलोकातील आत्म्याला तो स्वीकारण्याची वा नाकारण्याची मोकळीक आहे. पण उत्साही माणसांना नियमाचे भान राहत नाही. १९९० च्या दशकात असे उघडकीस आले, की हिटलरच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार ज्यूंची नावे या संस्कारासाठी वापरली गेली आहेत. ज्यू समाज व्यथित झाला. ज्यू असण्याबद्दल ज्यांना ठार केले, त्यांचे ज्यूपण मेल्यावरही कोणी पुसू पाहावे, असा त्यांचा सवाल होता. आणि पुसणाऱ्याचा हेतू प्रेमाचा होता, हे त्याला उत्तर होऊ शकत नव्हते. १९९५ साली करार झाला, नावे काढून टाकली गेली. तरी २०१२ मध्ये पुन्हा बोभाटा झाला. ॲन फ्रँकचे नाव, ज्यूंच्या मारेकऱ्यांचा माग काढणाऱ्या सायमन वीझेन्थालच्या आईबापांची नावे कोणी तरी त्या कुंडापर्यंत नेली होती. चर्चने क्षमा मागितली आणि निर्बंध कडक केले.

या प्रकरणाचा मी पुष्कळ विचार केला. नाव जसेच्या तसे उतरवून घेणे यात कोणाचीच हानी नाही. ती शुद्ध सेवा आहे, मग उतरवणाऱ्याची श्रद्धा काहीही असो. ज्या सूचीवरून तो संस्कार झाला, तशाच सूचीवरून छळातून वाचलेल्या एखाद्या वृद्धाला आपल्या बहिणीचा ठावठिकाणाही लागू शकतो. परंतु त्या नावाने पुढे काय करायचे, हे ठरवणे उतरवणाऱ्याच्या हातचे नाही. तो अधिकार वारसांचा आहे, आणि वारस उरले नसतील तर ते ज्या समाजाचे होते त्या समाजाचा. सेवेकरी ही मर्यादा ओलांडतो, तेव्हा त्याला वाटते की आपण अधिक सेवा केली. वास्तविक तेथे त्याची सेवा संपलेली असते आणि मालकी सुरू झालेली असते. शाईच्या डागाखाली आपल्या तर्काचे नाव घालणे आणि परक्या मृताला आपल्या कुंडात उतरवणे, या दोन चुका दिसावयास निराळ्या, मूळ एकच.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा येथील पंड्यांच्या वह्यांच्या छब्या याच युटाच्या संस्थेने घेतलेल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ आता इंटरनेटवर पाहता येतात. फाळणीत घरदार, गाव, दप्तर सगळे हरवलेल्या पंजाबी कुटुंबांना आपल्या चार पिढ्यांचा दाखला या वह्यांतून मिळतो. आपल्याकडे विसाव्या शतकात एकामागून एक घराण्यांचे कुलवृत्तान्त निघाले. तेही कोणा निवृत्त माणसाने पदरची पोस्टाची तिकिटे लावून, गावोगाव पत्रे पाठवून, फुकट केलेल्या कामातून निघाले. त्यांत लेकी-सुना पुष्कळदा नावापुरत्याच असतात, आणि ज्या समाजांना दप्तरे ठेवण्याची सवलत नव्हती, त्यांचे कुलवृत्तान्त निघालेच नाहीत, ही त्यांची उणीव आहे. मोडी वाचणारे डोळे दिवसेंदिवस कमी होत आहेत. तेव्हा नाशिक-त्र्यंबकच्या नामावळ्या उतरवून घेणारे सेवेकरी आपल्याला लागणार आहेत, यात शंका नाही.

यंत्र ते काम करील, असे कोणी म्हणेल. अमेरिकेची १९५० सालची खानेसुमारी १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली, तेव्हा तिची पहिली सूची खरोखरच यंत्राने केली; हस्ताक्षर वाचण्याइतके ते शिकले आहे. पण ती सूची तपासावयास पुन्हा माणसांनाच बोलवावे लागले. एका ओळीत नवरा, दुसरीत बायको, तिसरीत आठ महिन्यांचे मूल, हे यंत्र वाचते, थबकत नाही. थबकणे हे अद्याप माणसाच्याच वाट्याला आहे, आणि नामावळीत चूक पकडायची तर थबकावेच लागते.

शेवटी पुन्हा रामकुंडाच्या त्या ओटीवर येतो. उपाध्यायांनी दौत-टाक पुढे केला नाही, साधे बॉलपेन दिले आणि म्हणाले, "आता आपला लेख लिहा. मुलांची नावं घाला. मुलींचीही घाला, सुनांचीही. हल्ली सगळे घालतात." मी लिहिले. मग भीत भीत विचारले, "गुरुजी, आजोबांच्या लेखाचा फोटो घेतला तर चालेल?"

"अवश्य घ्या," ते म्हणाले. आणि शेजारच्या पानावर त्यांनी आपल्या उपरण्याचा पदर अलगद पसरला. "आपल्या पानाचा घ्या. हे पान दुसऱ्या घरचं आहे. ते लोक येतील तेव्हा त्यांना दाखवू."

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला तर्पण करताना गुरुजींनी नेहमीची नावे सांगितली. ती झाल्यावर मी त्यांना थांबवले आणि त्या चौथ्या मुलाचे नाव सांगितले. त्यांनी नाते विचारले.

"काका," मी म्हणालो. हा शब्द त्याच्यासाठी आमच्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला.